डाव्या मागच्या चाकावर

आर्डिथ स्वेनबीला आमच्या तळावर सगळे खडूवाली म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, कारण तिच्या हातात खडू कायम असे आणि जिभेला धारही होती. नोव्हेंबर लागला की उत्तरेकडची म्हातारी मंडळी आपापली मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन ॲरिझोनाच्या या वाळवंटात उतरतात. एखादी नवी गाडी येऊन उभी राहिली, मालकांनी खुर्च्या मांडल्या न मांडल्या, तोच आर्डिथ गुडघे टेकून त्यांच्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचत असे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कधी जन्माला आला ते त्यातून कळतं. ती मनाशी आकडेमोड करी, टायरवर खडूने वय लिही आणि उठताना सांगे, "नऊ वर्षं. आता जिथे जायचं तिथे चालत जा."

"अहो बाई, नक्षी तर बघा! बोटभर खोल आहे अजून."

"नक्षी बघून लोक लग्नं करतात. टायर नाही घेत."

तिचं खरं होतं. ट्रकचे टायर झिजून मरतात, आमच्या गाड्यांचे उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात. वर्षातून दोनदा हजार मैल चालायचं आणि बाकीचे दिवस उन्हात उभं राहायचं. वरची नक्षी नवीकोरी दिसते आणि आतलं रबर वाळून तडकलेलं असतं. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मनावर कोणी घेत नाही. आर्डिथने घेतलं होतं, कारण तिचा नवरा टायर बदलताना मेला होता.

मर्ल स्वेनबी मिनेसोटात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. मोठ्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं, एक्याऐंशी सालची जुनी मोटरहोम घेतली आणि तीच घर केली. त्याला दगडांचा नाद होता. आमच्याकडे तो बऱ्याच जणांना असतो, पण लोक खिशात मावतील एवढे उचलतात. मर्ल पहार घेऊन जायचा. दगड झालेली लाकडं, आत स्फटिकाची पोकळी असलेले गोळे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या गारा. सगळं धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून पलंगाखालच्या पेटीत आणि मागच्या चाकामागच्या कप्प्यात. त्याच्या साठाव्या वाढदिवसाला मीही एक दगड झालेला ओंडका दिला होता. एकटीला उचलेना, म्हणून हातगाडीवरून नेला. मर्ल लहान मुलासारखा हसला होता.

सहा वर्षांपूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, ती दोघं उत्तरेकडे निघाली. येरनेलच्या चढावर मागचा डावा टायर फुटला. मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकांची जोडी असते. फुटला तो आतला. म्हणजे आधी बाहेरचं चाक काढायचं, मग आतलं, मग दोन्ही परत चढवायची. वळणावर फोन लागेना. आर्डिथ म्हणाली, कोणी येईल, थांबू या. मर्ल म्हणाला, "तासाभराचं काम आहे, दुसऱ्याकडून चाक बदलून घ्यायला मी काय बँकवाला आहे का?" ती टोपीत नट धरून उभी राहिली. त्याने शेवटचा नट आवळला, पायरीवर टेकला आणि पाणी मागितलं. ती पाणी घेऊन आली तेव्हा तो तसाच बसला होता, पण नव्हता.

हे तिने मला एकदाच सांगितलं. त्यातली मुख्य गोष्ट वेगळी होती. त्याच मार्चमध्ये मर्ल म्हणाला होता की टायर बदलू या. आणि आर्डिथने वाकून बघितलं होतं आणि म्हटलं होतं, "पाच वर्षांचेच तर आहेत. नक्षी छान आहे. अजून एक हंगाम चालतील."

मग खडू आला.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की पाच वर्षं म्हणजे काही म्हातारपण नाही. त्याच जागचा टायर, डावीकडचा मागचा आतला, त्याआधीही दोनदा फुटला होता. उजवीकडचा एकदाही नाही. शिकलेल्या बाईला यातून काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही.

आर्डिथने गाडी विकली नाही. एकाहत्तराव्या वर्षी ती एकोणतीस फुटांची गाडी चालवायला शिकली. पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ देत नसे. चार वर्षं झाली की सहाही टायर आणि सातवी स्टेपनी बदलायची, असा नियम केला. आणि येरनेलकडे पुन्हा फिरकली नाही. दीडशे मैलांचा वळसा घालून सपाटीने जाई.

यंदा जानेवारीत तिने युमाच्या टायरवाल्याला फोन लावला. मी शेजारी कॉफी पीत होते. ती बराच वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "कुठल्या आठवड्यातले?" मग आणखी ऐकलं आणि फोन ठेवला.

"काय झालं?"

"बंद केले. माझ्या मापाचे टायर आता कोणी बनवत नाही. गोदामात सात पडलेत, तेही सहा वर्षांपूर्वीचे."

तिच्या जुन्या गाडीची चाकं साडेसोळा इंची. एके काळी सगळीकडे तीच असायची; आता सगळं जग सोळावर आलंय. मी पटकन म्हटलं, "मग सोळाचे बसव. अर्ध्या इंचाने काय बिघडतं?"

आर्डिथने माझ्याकडे असं बघितलं की मी कप खाली ठेवला. "मास्तरीणबाई, साडेसोळाच्या रिमवर सोळाचा टायर ठोकून चढवायला गेलात की चढल्यासारखा दिसतो. हवा भरलीत की फुटतो आणि हात घेऊन जातो. तुम्ही आपल्या कविता शिकवा."

म्हणजे नुसते टायर नाही, चाकंच नवी हवीत. सात. आणि पंधरा एप्रिलला आमचा हिवाळी तळ बंद होतो. त्यानंतर इथे राहायचं नाही आणि त्या उन्हात राहवतही नाही. तिच्या गाडीवरचे टायर चार वर्षांचे झाले होते, तिच्याच नियमाप्रमाणे बाद. उत्तरेकडे बॉयसीला तिच्या मुलीने, रोंडाने, मागच्या अंगणातली खोली रंगवून ठेवली होती. रोंडाच्या मते आईने हे केव्हाच सोडायला हवं होतं.

"चाकं नाही जमली तर किल्ल्या टांगायच्या," आर्डिथ म्हणाली. आमच्यात फिरणं सोडलेल्याबद्दल असंच म्हणतात. पुढच्या नोव्हेंबरात त्याची जागा रिकामी दिसते, एवढंच.

अशा वेळी तळावर गेलनकडे जायचं. गेलन टिबल्स कॅन्ससमध्ये धान्याच्या कोठारावर तीस वर्षं वजनकाट्यावर बसत असे. माणूस कोरडा, खरखरीत. त्याच्याकडे चार सपाट काटे आहेत. एकेका चाकाखाली एकेक सारायचा आणि कुठल्या चाकावर किती भार आहे ते वाचायचं. दर जानेवारीत तो तळावरच्या गाड्या फुकट तोलून देतो आणि वर शिव्याही फुकट देतो.

आर्डिथने त्याच्यापुढे कागद ठेवला. युमाच्या टायरवाल्याने दोन पर्याय दिले होते. दोन्ही सोळा इंची पोलादी चाकं, आठ भोकांची. एकावर रुंद टायर, दुसऱ्यावर अरुंद. रुंद टायर भार जास्त पेलत होता.

"रुंदच घेते," ती म्हणाली. "मजबूत बरा."

गेलन वाकला आणि मागच्या दोन चाकांमधल्या फटीत बोट घातलं. "हे बघ. एवढीशी जागा. यात रुंद घातलेस तर दोघं एकमेकांना घासतील. घासले की तापतील, तापले की फुटतील. रुंद टायर दुकानात मजबूत, इथे नाही."

"मग अरुंद."

"अरुंद बसेल. पण तुझा भार पेलेल का? ते गाडी तोलल्याशिवाय कळायचं नाही. तोललीस कधी?"

"वजन मर्लला माहीत होतं."

"मग जा, विचारून ये त्याला."

मी म्हटलं, "गेलन!" पण आर्डिथला राग आला नाही. ती म्हणाली, "आण तुझे काटे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी हळूच पुढे घेतली आणि पुढची दोन चाकं व मागच्या दोन जोड्या काट्यांवर उभ्या केल्या. गेलनने पुढची दोन वाचली, मान हलवली. मागचं उजवं वाचलं, लिहिलं. मागच्या डाव्यापाशी तो खाली बसला आणि उठेना.

"काय रे, गुडघे गेले का?" मी विचारलं.

"तिला सांग गाडी मागे घ्यायला." त्याने उजवीकडचा काटा डावीकडे टाकला आणि डावीकडचा उजवीकडे. "काटा चुकीचा असेल तर आकडा त्याच्याबरोबर पलीकडे जाईल."

आर्डिथने गाडी परत चढवली. आकडा पलीकडे गेला नाही. डावीकडेच राहिला.

गेलनने टोपी काढली आणि घाम पुसला. जानेवारीत घाम. मला हळू आवाजात म्हणाला, "मागे उजवीकडे चार हजार तीनशे पौंड. डावीकडे पाच हजार सातशे वीस. तिच्या जुन्या टायरांची जोडी चार हजार आठशे पेलते. नव्यांची साडेपाच हजारांच्या जरा वर."

"म्हणजे?"

"म्हणजे इतकी वर्षं त्या डाव्या जोडीवर नऊशे पौंड जादा आहेत. काय ठेवलंय या बाजूला?"

मला माहीत होतं काय ठेवलंय. त्यातला एक माझा होता.

"सांगू नकोस तिला," मी म्हटलं. "सांग, काटा बिघडलाय. दगड कसे काढायचे ते मी बघते."

"मी तीस वर्षांत खोटं वजन सांगितलं नाही. आणि तिला ह्या चाकांवर उत्तरेकडे जायचं असलं तर मला सांगायलाच हवं. कागद गाडीच्या मालकिणीचा."

तो गेला आणि कागद तिच्या हातात दिला. ती चालकाच्या खिडकीत बसूनच वाचू लागली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. टायर किती भार पेलतो हे तिला इथल्या कोणाहूनही जास्त ठाऊक होतं; आपल्या गाडीत भार किती आहे एवढंच तिने कधी बघितलं नव्हतं. तिने इंजिन बंद केलं.

"गेलन," ती म्हणाली, "पाच वर्षांचा चांगला टायर नुसत्या वयाने फुटतो का?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच असं मी म्हणत नाही. पण तिसऱ्यांदा तोच, त्याच जागी, आणि वर एवढा भार? नाही, आर्डिथ. वयाने नाही."

ती खिडकी वर करून आत निघून गेली.

दुपारी मी गेले. थांबवेना म्हणून गेले, दार न वाजवता. पलंग उभा करून ठेवला होता आणि ती जमिनीवर पाय पसरून पेटीसमोर बसली होती. मांडीवर मर्लची वही. मर्ल प्रत्येक दगडाची नोंद करायचा: कुठे सापडला, कधी, आणि वजन. नीट, छापल्यासारख्या अक्षरात. सदतीस पौंड. अठरा पौंड. बावन्न पौंड.

"एकेकाचं वजन ठाऊक होतं त्याला," आर्डिथ म्हणाली. "बेरीज कधी केली नाही."

तिने केली होती. खडूने, पेटीच्या झाकणावर. नऊशे बारा.

मी तिच्याशेजारी बसले. सगळे बोलतात तेच बोलले. "म्हणजे तुझा काही दोष नव्हता, आर्डिथ."

"हो." ती वही मिटून म्हणाली. "सहा वर्षं वाटायचं, हे कोणी सांगितलं तर हलकं वाटेल. नाही वाटत. आधी मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचे, क्षमा मागायचे. आता काय बोलू? मूर्ख म्हणू? असा कसा रे मूर्ख तू, बस दुरुस्त करणारा माणूस?" मग म्हणाली, "दगड काढ म्हटलं असतं तर म्हणाला असता, तुझे बिडाचे तवे आधी काढ."

"तवे कुठे असतात?"

"उजवीकडे."

आम्ही दोघी हसलो. चांगलं हसू नव्हतं ते. मग तिने वहीत तोंड लपवलं आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. माझ्या घड्याळाप्रमाणे तासभर.

चार दिवस ती दगड बाहेर काढत होती. कोणाला हात लावू दिला नाही. मोठे फळीवरून घसरवत आणले. आमच्याकडे प्रत्येक जण आपल्या जागेभोवती दगडांची कड करतो. तिच्या जागेला अशी कड नव्हती, कारण मर्ल चांगले दगड बाहेर ठेवायला तयार नसे. आता तिने ते सगळे तीन बाजूंनी ओळीत मांडले, चिठ्ठ्यांसकट. ओली बोटं फिरवली की रंग दिसायचे. येणारे-जाणारे थांबून बघत.

"तू गेलीस की कोणी तरी उचलून नेईल हे," गेलन म्हणाला.

"नेऊ दे. फक्त गाडी आधी तोलून घे म्हणावं."

माझा ओंडका मात्र ती हातगाडीवर घालून माझ्या दारात घेऊन आली. "हा तुझा. बावन्न पौंड. कुठल्या बाजूला ठेवतेस ते बघ."

गेलनने गाडी पुन्हा तोलली. डावीकडे चार हजार आठशेच्या आसपास आलं. आता अरुंद टायर चालणार होते आणि हाताशी भरपूर जागा उरत होती. आर्डिथने त्याच दिवशी युमाला सात चाकं सांगितली. टायरांचा आठवडा फोनवरच विचारून घेतला, सहा आठवड्यांपेक्षा जुने नकोत म्हणाली. टायरवाला बिचारा म्हणाला, "बाई, मी पाव विकत नाही." तरी त्याने ताजे आणून दिले. चाकं बसवताना ती तिथे उभी राहिली आणि जोडीतल्या फटीत स्वतःचं बोट घालून बघितलं. सातही टायर आल्याबरोबर एकेकाचे आकडे वाचले. खडू काढला, आणि लिहिलं काहीच नाही. परत खिशात टाकला.

स्टेपनीवरून जरा वाद झाला. मर्लने ती अडकवायचा लोखंडी घोडा डावीकडे मागे जोडला होता. गेलन म्हणाला, तो कापून उजवीकडे लाव, तोल राहील. आर्डिथ घोड्याकडे बघत राहिली. त्याच्या जोडावर मर्लच्या वेल्डिंगचे डाग होते.

"ठेवायचा असला तर ठेव," गेलन मऊपणे म्हणाला. त्याच्याकडून तेवढं मऊ मी पूर्वी ऐकलं नव्हतं. "पंच्याऐंशी पौंडांनी काही होत नाही."

"पंच्याऐंशी पौंडांनी काही होत नाही, असंच तो एकेका दगडाला म्हणाला असणार," आर्डिथ म्हणाली. "काप."

गेलनने घोडा कापला, उजवीकडे पुन्हा जोडला आणि तिला ताकीद दिली, "आणि स्टेपनी नुसती टांगून ठेवू नकोस. दरवर्षी एका चाकाशी बदल. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, हे मी खडूवालीला सांगावं म्हणजे..."

"काय म्हणालास?"

"काही नाही."

बारा एप्रिलला ती निघाली. मी माझ्या गाडीने मागे. आदल्या दिवशी ती नकाशा घेऊन आली होती आणि बोट ठेवून म्हणाली होती, "यंदा येरनेलवरून जाऊ." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पन्नास मैलांवर तिने गाडी थांबवली. नवी चाकं तेवढ्या अंतरावर जरा बसतात, नट पुन्हा आवळावे लागतात. बत्तीस नट तिने एकटीने आवळले, मी मोजले. मग वाळवंट संपलं आणि चढ सुरू झाला. तिची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, मागून मी, आणि आमच्यामागे चिडलेल्या मोटारींची रांग. ते वळण आलं तेव्हा तिने उजवा दिवा लावला आणि कडेला घेतलं.

ऊन लागत होतं. ती उतरली, आणि मला वाटलं होतं त्याप्रमाणे त्या जागेकडे बघत उभी राहिली नाही. सरळ डाव्या मागच्या चाकापाशी गेली, वाकली आणि आतल्या टायरवर तळहात टेकला. थांबल्यावर आम्ही सगळे हेच करतो. जो टायर जास्त राबतो तो जास्त तापतो, आणि हाताला ते कळतं. मग बाहेरच्यावर. मग गाडीला वळसा घालून उजवीकडे, तिथेही तसंच. परत डावीकडे आली आणि पुन्हा हात ठेवला. या वेळी बराच वेळ ठेवला.

"काय?" मी खिडकीतून विचारलं.

"सारखेच आहेत," ती म्हणाली. "दोन्हीकडे. नुसते कोमट."

तिने हात पॅन्टला पुसला. तळव्याची काळी खूण कापडावर उमटली. ती पायरीवर चढली. ज्या पायरीवर मर्ल टेकला होता तीच.

"चल," ती म्हणाली, "इथे सावली नाही."